पेडल मेलेलं नसतं, उपाशी असतं

गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या की आमच्या बँडरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पेडल गेलं!" बोलणारा पायाने दोन-चारदा बटण दाबतो, केबल हलवून बघतो आणि शेवटी ते पेडल पेटीत टाकून कोणाकडून तरी दुसरं मागायला निघतो. गेली दोन वर्षं बँडच्या सामानाची ती पेटी माझ्या ताब्यात आहे. त्यात 'गेलेली' म्हणून जमा झालेली बहुतेक पेडल्स आतून धडधाकट निघाली. त्यांना वीज मिळत नव्हती, कमी मिळत होती किंवा उलटी मिळत होती.

चांगलं पेडल घ्यायचं म्हणजे काही हजार रुपये जातात. शिवाय विजेचा प्रश्न फक्त पेडलपुरता राहत नाही. तो अ‍ॅम्प्लिफायर, माइक आणि गाणाऱ्याच्या ओठांपर्यंत जातो. पेडलबरोबरची माहिती बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेली असते आणि ती कोणी वाचत नाही. म्हणून म्हटलं, आपल्या मंडळाच्या अंकात हे एकदा सरळ मराठीत लिहून काढू.

पेडलला हवं तरी काय?

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो. पेडल त्या सिग्नलला वाढवतं, चिरतं, लांबवतं किंवा त्याचा प्रतिध्वनी करतं. या कामासाठी आतल्या ट्रान्झिस्टरना किंवा चिप्सना बाहेरून वीज लागते. १९६२ साली बाजारात आलेलं मॅस्ट्रो कंपनीचं फझ-टोन हे पेडल दीड व्होल्टच्या दोन सेलवर चालायचं. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओत वापरली जाणारी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी पेडलवाल्यांनीही उचलली. १९७७ पासून जपानच्या बॉस कंपनीची छोटी, पायाने दाबायची पेडल्स जगभर पसरली आणि ९ व्होल्ट डीसी हाच जवळपास सगळ्यांचा शिरस्ता झाला.

या शिरस्त्यात एक गोम आहे. आपल्या घरातल्या बहुतेक उपकरणांच्या गोल पिनेत मधला भाग प्लस असतो आणि बाहेरची नळी मायनस. पेडलचं बरोबर उलटं: मध्ये मायनस, बाहेर प्लस. पेडलच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ या उलटेपणात असतं.

पहिली पायरी: दोष कुठल्या बाजूला?

पेडल उघडायच्या आधी ते बाजूला ठेवा आणि गिटार थेट अ‍ॅम्पला जोडा. आवाज आला तर गिटार, ती केबल आणि अ‍ॅम्प ठीक आहेत. हीच केबल आता गिटार ते पेडल अशी लावा, म्हणजे तिच्यावर संशय उरणार नाही. पेडल ते अ‍ॅम्प जाणारी दुसरी केबलही याच रीतीने तपासून घ्या.

मग अ‍ॅडाप्टर काढा आणि पेडलमध्ये नवी बॅटरी घाला. अ‍ॅडाप्टर काढा म्हणजे त्याची पीन पेडलमधून पूर्ण उपसून काढा, भिंतीवरचं बटण नुसतं बंद करून चालत नाही. पेडलच्या सॉकेटमध्ये एक पत्ती असते. पीन आत गेली की ती पत्ती बाजूला सरकते आणि बॅटरी तुटते. पीन आत राहिली तर नवीकोरी बॅटरीसुद्धा निकामी वाटेल.

दुसरी गोष्ट, बॅटरीवर असताना 'इनपुट' लिहिलेल्या भोकात केबल खुपसल्याशिवाय पेडल सुरूच होत नाही, कारण तोच जॅक बॅटरीचा स्विच असतो. म्हणूनच तालीम संपल्यावर केबल तशीच ठेवली तर रात्रभरात बॅटरी रिकामी होते. घरी जाताना इनपुटची केबल काढायची सवय लावली की बॅटरीचा निम्मा खर्च वाचतो.

आता निकाल काढा. बॅटरीवर चालतं, अ‍ॅडाप्टरवर नाही: दोष अ‍ॅडाप्टरचा किंवा पिनेचा. अ‍ॅडाप्टरवर चालतं, बॅटरीवर नाही: बॅटरीची क्लिप, तिची वायर किंवा ती सरकणारी पत्ती बघा. आपल्या गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात चार महिने पेटी बंद राहिली तर, या पत्तीवर आणि जॅकच्या स्प्रिंगवर गंज धरतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पीन दहा-बारा वेळा आतबाहेर केली की पुष्कळदा काम भागतं. दोन्हीवर चालत नसेल तरच पेडलच्या आत बघायची वेळ आली असं समजा. हल्लीच्या अगदी छोट्या पेडल्समध्ये बॅटरीची जागाच नसते. तिथे दुसऱ्या पेडलवर व्यवस्थित चालणारा, त्याच मापाचा अ‍ॅडाप्टर लावून हीच परीक्षा घ्यायची.

अ‍ॅडाप्टरला विचारायचे चार प्रश्न

अ‍ॅडाप्टरच्या पाठीवरचं लेबल वाचा. प्रश्न चारच आहेत.

एक, बाहेर येणारी वीज एसी की डीसी? सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. नागमोडी रेघ म्हणजे एसी. काही उपकरणांना मुद्दाम ९ व्होल्ट एसी लागतं आणि त्यांचा अ‍ॅडाप्टर दिसायला अगदी असाच असतो. तो साध्या पेडलला कधीही लावू नका.

दोन, व्होल्ट किती? पेडलच्या सॉकेटजवळ ९ लिहिलं असेल तर ९च. काही पेडल्स १८ व्होल्टवरही चालतात, पण तसं त्यांच्या पाठीवर स्पष्ट छापलेलं असेल तरच.

तीन, मध्ये प्लस की मायनस? लेबलवर एक ठिपका आणि त्याभोवती अर्धवट वर्तुळ असं चित्र असतं. ठिपक्याकडून निघालेली रेघ मायनस चिन्हाकडे गेली पाहिजे. वाय-फाय राउटरचा अ‍ॅडाप्टर बहुतेक वेळा याच प्रश्नावर नापास होतो. व्होल्ट जुळतात, पीन फिट्ट बसते आणि आत वीज मात्र उलटी जाते.

चार, करंट किती? हा आकडा मिलिअँपिअरमध्ये असतो आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल आहेत.

लेबल पुसलेलं असेल तर मल्टिमीटर घ्या. साधा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो. बाण डीसी २० व्होल्टवर फिरवा. लाल काडी पिनेच्या भोकात आणि काळी बाहेरच्या नळीला लावा. दोन्ही काड्या एकमेकींना टेकू देऊ नका. मीटरवर 'उणे ९' दिसलं तर अ‍ॅडाप्टर पेडलसाठी बरोबर. नुसतं ९ दिसलं तर तो उलटा. जुन्या पद्धतीचा जड ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडाप्टर मोकळा असताना ९ च्या जागी १२ ते १४ देखील दाखवतो. तो बिघडलेला असेलच असं नाही, त्याच्यात व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग नसतो एवढंच. मात्र नाजूक डिजिटल पेडलला तो लावू नये. त्याच मीटरवर नवी ९ व्होल्टची बॅटरी साडेनऊच्या आसपास दाखवते. आकडा ७ पर्यंत आला की समजा तिची वेळ भरली.

टाकी आणि नळ

"अगं, हा २ अँपिअरचा आहे, पेडल जळेल!" हे मी कितीदा ऐकलंय याला गणती नाही. जळत नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. टाकी किती उंचावर आहे त्यावर नळाला पाण्याचा जोर ठरतो, ते झालं व्होल्टेज. नळ किती सोडला त्यावर किती पाणी वाहतं ते ठरतं, तो करंट. टाकीत हजार लिटर पाणी आहे म्हणून आपला पेला फुटत नाही, पेला हवं तेवढंच घेतो. ९ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर २००० मिलिअँपिअर देऊ शकत असला तरी १० मिलिअँपिअर खाणारं पेडल त्यातून १०च घेणार. मोठा आकडा चालतो, छोटा चालत नाही.

भूकही प्रत्येकाची वेगळी असते. साधं फझ पेडल एखाद्या मिलिअँपिअरवर, किंवा त्याहून कमीवर भागवतं. ओव्हरड्राइव्ह पाच-दहा घेतं. डिजिटल डिले पन्नास ते शंभर आणि मोठं मल्टिइफेक्ट काही शे. समजा, एकाच अ‍ॅडाप्टरवर १० चं ओव्हरड्राइव्ह, २० चं कोरस, ३० चा ट्यूनर आणि ६५ चा डिले जोडला. बेरीज झाली १२५. अ‍ॅडाप्टर १०० चा असेल तर तो धापा टाकणार. मग दिवा लागतो पण मंद, डिले मध्येच स्वतःहून पुन्हा सुरू होतो, आवाज फाटतो नाहीतर अडखळतो. 'पेडल वेड्यासारखं करतंय' अशी तक्रार आली की मी आधी ही बेरीज करते. बेरजेपेक्षा निदान पाव-अर्धा पट जास्त क्षमतेचा अ‍ॅडाप्टर असावा.

याचा पुरावाही मीटरवर मिळतो. एका अ‍ॅडाप्टरवरून पाच-सहा पिना निघणारी माळेसारखी वायर असेल तर एक पीन मोकळी ठेवा, बाकी सगळी पेडल्स चालू करा आणि त्या मोकळ्या पिनेवर मोजा. एकटा असताना ९ दाखवणारा अ‍ॅडाप्टर भार आल्यावर ७ वर उतरला, तर ओझं जास्त झालंय.

या मोकळ्या पिनेचा एक धोका लक्षात ठेवा. आपल्या पिनेत बाहेरची नळी प्लस असते आणि पेडलचा धातूचा डबा मायनसला जोडलेला असतो. मोकळी पीन डब्याला टेकली की शॉर्ट, आणि माळेवरची सगळी पेडल्स एका क्षणात गप्प! सगळंच एकदम बंद पडलं तर घाबरण्याआधी मोकळी पीन कुठे पडली आहे ते बघा आणि तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळा.

उलटी वीज गेली तर?

पुष्कळ पेडल्समध्ये सॉकेटच्या तोंडाशीच एक डायोड पहारेकऱ्यासारखा बसवलेला असतो. वीज सुलटी असते तेव्हा तो गप्प बसतो. उलटी आली की ती स्वतःतून वाहून नेतो आणि आतल्या चिपला वाचवतो. पण ताकदवान अ‍ॅडाप्टर उलटा लावला आणि तसाच राहिला, तर पहारेकरी भाजतो. भाजलेला डायोड बहुधा कायमचा शॉर्ट होतो. मग योग्य अ‍ॅडाप्टर लावला तरी पेडल मुकं, वर तो अ‍ॅडाप्टरही बसतो.

अशा वेळी अ‍ॅडाप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा आणि त्या डायोडच्या दोन टोकांना काड्या लावा. एका दिशेने ०.५ ते ०.७ च्या आसपास आकडा आला आणि काड्या अदलाबदल केल्यावर तसा आला नाही, तर डायोड ठीक आहे. दोन्ही दिशांनी शून्याजवळचा आकडा आला तर संशय पक्का. वन-एन-४००१ जातीचा असा डायोड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतो. सोल्डरिंग येणारं कोणीही तो अर्ध्या तासात बदलून देईल. हजारोंचं पेडल आणि नाण्यांत मिळणारा डायोड: फेकण्याआधी एवढं बघाच.

एक अपवाद. १९६६ सालच्या फझ फेससारख्या पेडल्समध्ये, विशेषतः जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या, डबा मायनसऐवजी प्लसला जोडलेला असतो. तसलं पेडल इतरांबरोबर एकाच माळेवर लावलं की केबलच्या जाळीवाटे शॉर्ट होतं. त्याला स्वतःची बॅटरी किंवा स्वतंत्र अ‍ॅडाप्टर द्यायचा.

घरघर आणि शिट्टी

पेडल चालतं पण मागे आवाज येतो, ही दुसरी मोठी तक्रार. आपल्याकडे घरातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. अ‍ॅडाप्टर तिचं डीसी करतो तेव्हा नीट गाळली न गेलेली वीज १०० हर्ट्झची घरघर मागे ठेवते. गिटारवाल्यांसाठी सोपी खूण: सगळ्यात जाड तारेवरचा तिसरा पडदा म्हणजे जी, तो ९८ हर्ट्झचा. घरघर त्याच सुराच्या आसपास असेल तर आधी अ‍ॅडाप्टरवर संशय घ्या. जुन्या पेडलमधला वीज गाळणारा कपॅसिटर सुकला असेल तरीही अशीच घरघर येते. वरून फुगलेला कपॅसिटर डोळ्यांनाही दिसतो.

बारीक, उंच शिट्टी मात्र बहुधा डिजिटल पेडलची असते. त्याच्या आतल्या घड्याळाची टिकटिक सामाईक वायरीतून शेजारच्या ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि तिथे शंभरपट मोठी होते. माळेतली सगळी पेडल्स काढा आणि एकेक करून परत जोडा. ज्याच्यानंतर शिट्टी सुरू होते त्याला थोडा वेळ बॅटरीवर किंवा वेगळ्या अ‍ॅडाप्टरवर चालवा. शिट्टी थांबली तर पेडलचा दोष नाही, एका ताटात जेवण्याचा आहे. प्रत्येक पेडलला स्वतंत्र, एकमेकांशी न जोडलेली वाट देणारा पॉवर सप्लाय मिळतो. महाग असतो, पण बँडने वर्गणी काढून एक घेतला तर वर्षानुवर्षं पुरतो.

तिसरी पीन कापायची नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरघर घालवायला एक 'अनुभवी' सल्ला हमखास मिळतो: अ‍ॅम्पच्या प्लगची वरची जाड पीन काढून टाक, नाहीतर दोन पिनांचा कन्व्हर्टर लाव. घरघर कधीकधी खरंच जाते, आणि तिच्याबरोबर तुमचं संरक्षणही जातं.

गिटारच्या तारा आतून एका वायरने जॅकला, जॅक केबलच्या जाळीने पेडलला आणि तिथून अ‍ॅम्पच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेला असतो. सांगाडा त्या जाड पिनेतून जमिनीला. अ‍ॅम्पच्या आत फेजची वायर सुटून सांगाड्याला टेकली, तर पीन जागेवर असताना वीज जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पीन नसेल तर काहीच उडत नाही. गिटारच्या तारांमध्ये २३० व्होल्ट येऊन वाट बघत बसतात. माइक दुसऱ्या वाटेने, मिक्सरमधून, जमिनीला जोडलेला असतो. बोटं तारांवर आणि ओठ माइकला लागले की वाट पूर्ण होते, आणि ती माणसाच्या छातीतून जाते. ही नुसती भीती घालणं नव्हे. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी मे १९७२ मध्ये स्वान्सीला, मंचावरच, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला.

आपण वाजवतो ते फेस्ताच्या मंडपात, जत्रेच्या रंगमंचावर, जुन्या सभागृहात, कधी ओल्या जमिनीवर. तिथल्या बोर्डाला तीन भोकं असली तरी तिसऱ्याच्या मागे वायर असेलच असं नाही. म्हणून कार्यक्रमाआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते विचारा. अ‍ॅम्प आणि मिक्सर शक्यतो एकाच बोर्डावर घ्या. त्याने घरघरही कमी होते. तरी राहिलीच तर डीआय बॉक्सवरचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण वापरा. ते सिग्नलच्या केबलची जाळी तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

गाण्याआधी मीटर एसीच्या सर्वात मोठ्या मापावर ठेवून एक काडी गिटारच्या तारेला आणि दुसरी माइकच्या जाळीला लावा. हात काड्यांच्या प्लास्टिकवरच ठेवा. जवळपास शून्य आलं तर गा. वीस, पन्नास, शंभर असं काही दिसलं तर ती नुसती झिणझिणी आहे की जीव घेणारी वीज, हे त्या आकड्यावरून कळत नाही. तेव्हा गाणं थांबवायचं आणि वायरमनला बोलवायचं, मग प्रमुख पाहुणे येऊन बसलेले का असेनात.

पेटीच्या झाकणावर चिकटवण्यासाठी

१. गिटार थेट अ‍ॅम्पला लावून केबल आणि अ‍ॅम्प तपासा.
२. अ‍ॅडाप्टरची पीन काढून, इनपुटला केबल लावून, नव्या बॅटरीवर चालवून बघा.
३. अ‍ॅडाप्टर: डीसी आहे? ९ व्होल्ट आहे? मध्ये मायनस आहे? करंट बेरजेपेक्षा जास्त आहे?
४. मोकळ्या पिनेवर चिकटपट्टी आहे?
५. माळ सोडून एकेक पेडल परत जोडा, दोषी सापडेल.
६. हे सगळं झाल्यावरच पेडल उघडा. आधी डायोड, मग कपॅसिटर बघा. अ‍ॅम्प किंवा अ‍ॅडाप्टर मात्र स्वतः उघडू नका, आत २३० व्होल्ट असतात.
७. तिसरी पीन कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून कापायची नाही.

आमच्या पेटीतल्या प्रत्येक अ‍ॅडाप्टरवर आता पांढऱ्या पट्टीवर मार्करने लिहिलेलं आहे: कोणाचा, किती व्होल्ट, मध्ये काय. येत्या नाताळात कॅरलच्या कार्यक्रमाला जो कोणी ती पेटी उघडेल, त्याने एवढंच करावं. पट्टी वाचावी, मग पीन लावावी.